नैराश्याचं औषध मध्येच सोडू नका

अंग दुखतं, झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, म्हणून आपण दवाखान्यात जातो. मिळतं काय? पुष्कळदा ताकदीच्या गोळ्या, सलाईन, नाहीतर झोपेची गोळी. मनाची चौकशी राहूनच जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना काय सांगतात? दोन आठवडे उदास वाटलं, रोजची कामं होईनाशी झाली, तर नैराश्य आहे का ते पाहावं. रक्त कमी आहे का, थायरॉइड आहे का, हेही तपासावं. मग गरजेप्रमाणे समुपदेशन, नैराश्याचं औषध किंवा दोन्ही. नुसती झोपेची गोळी म्हणजे नैराश्यावरचा उपचार नव्हे.

चूक आपल्याकडूनही होते. या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. आपण आठ दिवसांत सोडतो. बरं वाटल्यावरही ते नऊ ते बारा महिने घ्यायचं असतं. आपण ‘आता बरी आहे मी’ म्हणून थांबवतो आणि आजार उलटतो. बंद करायचं तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारूया: ही गोळी कशाची? किती दिवस घ्यायची? पुन्हा कधी यायचं?

आणि जगणंच नको वाटलं, तर वाट पाहू नका. घरात सांगा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.