पोरगं झोपतं कुठे ते बघा!

कथेतल्या पोराचं घर ओळखायचं असेल, तर ते झोपतं कुठे ते बघायचं. हॅरी पॉटर जिन्याखालच्या अडगळीत, आणि त्याच घरात डडलीला दोन खोल्या. दुसरी मोडक्या खेळण्यांसाठी! मावशीकडे हॅरीची किंमत काय, हे वेगळं सांगावंच लागत नाही.

आपल्याकडे खोलीऐवजी कोपरा शोधावा लागतो. सतीश मनवर यांचा विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यावरचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009) आठवा. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो, तशी या कापूस शेतकऱ्याची बायको अलका धास्तावते आणि मुलाला, लहानग्या दिनूला, बापाच्या मागावर ठेवते. माझं मत विचाराल तर दिनूला दार लावून घ्यायची खोली असती, तर ही गोष्ट उभीच राहिली नसती.

विदर्भातल्याच यवतमाळच्या पोरावर कथा लिहिणाऱ्यांनी एवढं तरी टिपावं: भाव वाढेल या आशेवर कापूस राहत्या घरात भरलेला. पोरांची अंथरुणं सरकत सरकत दाराशी आलेली. सुरुवातीला गंजीवर उड्या, मग अंगभर खाज. खुंटीला दप्तर, खाली फवारणीचा पंप. 2017 साली जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून हा पंप कथेत नुसता सामान म्हणून येऊच शकत नाही.

प्रकाश नारायण संतांच्या कथांमधल्या लंपनचं उलटंच. त्याला आजीचं अख्खं घर मोकळं, पण आईबाबा दुसऱ्या गावी!