जमखान्याची दशा

लग्नानंतरचा माझा पहिला दसरा. घटस्थापनेच्या आधी घर झाडायला काढलं होतं. आमच्या अत्ती, म्हणजे सासूबाई, देवाची भांडी चिंच लावून घासत बसल्या होत्या. मी माळ्यावरच्या ट्रंकेतून एक जमखाना काढून गच्चीवर नेला. लाल, निळा, पिवळा, मधोमध सोंगट्यांच्या पटासारखी नक्षी. अंग अजून ठणठणीत होतं, पण दोन्ही टोकांच्या दशा काळपट, गुंतलेल्या, कुठे कुठे तुटलेल्या. एवढा देखणा जमखाना आणि त्याला ही कळकट शेपटं! मी कात्री आणली आणि दोन्हीकडच्या दशा अगदी सरळ रेषेत कापून टाकल्या. वर खाली येऊन अभिमानानं सांगितलंही, "अत्ती, बघा, कसा स्वच्छ दिसतोय."

अत्तींनी हात पुसले, जमखान्याच्या काठावरून बोटं फिरवली आणि एवढंच म्हणाल्या, "एन माडिदी यव्वा!"

त्या का कळवळल्या ते मला दिवाळीत कळलं. पाडव्याला तो जमखाना अंथरला, चार माणसं उठली-बसली आणि काठाचे आडवे धागे सुटू लागले. तुळशीच्या लग्नापर्यंत चार बोटं नक्षी उलगडून गेली होती. एम. ए. झालेली, कॉलेजात इतिहास शिकवणारी मी. पण दशी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं.

खरं तर दशी हा शब्द माझ्या लहानपणापासूनचा. निपाणीला आमच्या घरी अमावास्येनंतरच्या बीजेची चंद्रकोर दिसली की आई अंगावरच्या कपड्याची एक दशी काढून चंद्राला वाहायला लावायची. जुनं घे आणि नवं दे, असं त्याला सांगायचं. त्यामुळे दशी म्हणजे ओढून काढायची, टाकून द्यायची वस्तू, असंच डोक्यात बसलेलं. जमखान्याच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे.

दशी म्हणजे ताणा

हातमागावर आधी उभे धागे ताणून बांधतात. तो ताणा. मग त्यातून आडवे रंगीत धागे घालून ठोकून बसवतात. तो बाणा. जमखान्यात बाणा इतका घट्ट ठोकलेला असतो की ताणा पूर्ण झाकून जातो. आपल्याला दिसतात ते सगळे रंग, मोर, चौकटी, सगळा बाणा. ज्याच्या आधारावर हे उभं आहे तो ताणा कुठेच दिसत नाही. दिसतो तो फक्त दोन टोकांना, दशांच्या रूपानं. जमखाना मागावरून कापून उतरवला की ताण्याची ही मोकळी टोकं चार-सहा मिळून गाठ मारतात, म्हणजे शेवटचा बाणा घसरून बाहेर पडत नाही. दशा ही शोभेसाठी लावलेली झालर नव्हे. ती जमखान्याच्या हाडांची टोकं आहेत. मी गाठींसकट ती कापली, तेव्हा कुलूपच काढून टाकलं.

कन्नडमध्ये ताण्याला 'हासु' आणि बाण्याला 'होक्कु' म्हणतात. एकमेकांत पूर्ण मिसळून गेलेल्या गोष्टींना 'हासुहोक्कु' म्हणायची पद्धत त्यावरूनच आली. आणि 'हासु' म्हणजे अंथरणंही. त्यातूनच 'हासिगे'. आपल्याकडच्या दोन्ही भाषांतल्या आया मुलांना अंथरूण पाहून पाय पसरायला सांगतात. कन्नडमध्ये ते 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' होतं, एवढाच फरक.

सुनांची कला

अत्तींचं माहेर नवलगुंद तालुक्यातलं. काळी जमीन, कापसाचा मुलूख. इतिहासाच्या तासाला मी १९८० च्या नरगुंद-नवलगुंदच्या शेतकरी उठावाबद्दल शिकवत असे आणि पाठोपाठ १९८१ च्या आमच्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाबद्दल. नवलगुंदचा उठाव मलप्रभेच्या पाण्यावरच्या करातून पेटला होता. ती मलप्रभा उगम पावते आपल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. एवढं सगळं मी वर्गात सांगत असे. पण आपल्या माळ्यावर पडलेला जमखानाही नवलगुंदचाच, हे मला अत्तींनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. तो त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेला.

नवलगुंदचे जमखाने तिथल्या मुस्लिम घरांतल्या बायका उभ्या मागावर विणतात. विजापूरच्या आदिलशाहीतून आलेल्या विणकरांनी ही कला तिथे नेली, असं परंपरा सांगते. सोंगट्यांचा पट, मोर, भौमितिक चौकटी, नमाजासाठीचे जायनमाज असे त्यांचे प्रकार. २०११ साली या जमखान्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन मिळालं म्हणून विणणारे हात वाढतात असं नाही. दिवसभर मागापुढे बसून मिळणारी मजुरी आणि बाजारातल्या यंत्रावरच्या सतरंजीची किंमत यांचा मेळ बसत नाही. आज तिथे थोड्याच बायका हे काम करतात.

त्यांच्यातली एक जुनी रीत सांगतात. ही कला मुलींना शिकवायची नाही, सुनांना शिकवायची. मुलगी लग्न होऊन जाणार आणि कला दुसऱ्या घरी नेणार. सून मात्र घरातच राहणार, हा त्यामागचा हिशेब. हे ऐकलं तेव्हा मी वरमले. तिथे सुना ताणा बांधायला शिकतात आणि इथे या सुनेनं पहिल्याच वर्षी तो कापून ठेवला होता!

दुरुस्ती

शेवटी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या विणकरांकडे मी जमखाना घेऊन गेले. शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावातला मागांचा भाग. त्यांचा व्यवसाय साड्यांचा, जमखान्याचा नव्हे. पण धाग्याची जात ओळखणारा माणूस. त्यांनी काठ बोटांत धरून पाहिला आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये समजावलं. कापलेला ताणा परत येत नाही. आता निदान पुढे उसवू नये एवढं करायचं. सुटलेले बाण्याचे धागे काढून काठ सरळ करायचा आणि जाड सुती दोऱ्यानं, जमखान्याच्या दोन-तीन ओळी आत सुई घालून, जवळजवळ काजटाका घालायचा. टाका फार ओढायचा नाही, नाहीतर काठ चुरगळतो. नायलॉनचा दोरा वापरायचा नाही, कारण तो सुतापेक्षा चिवट असतो आणि सुतालाच कापतो. आणि गोंद किंवा फेव्हिकॉल लावायचा नाही. चिकटवलेला धागा वाळून कडक होतो आणि दुमडला की तिथेच मोडतो.

चार रविवार बसून मी दोन्ही काठ शिवले.

दशा शाबूत असतील तर काम याहून खूप सोपं असतं. गाठ सुटली असेल तर शेजारचे चार-सहा धागे घेऊन ती काठाला टेकवून पुन्हा मारावी. एखादी दशी गाठीखाली तुटली असेल तर तिला तशीच राहू द्यावी. बाकीच्या तिच्या मापाला कापायचा मोह टाळावा.

धुवायच्या कशा?

दशा मळतात त्याचं कारण साधं आहे. त्या पांढऱ्या सुताच्या असतात, जमिनीला टेकलेल्या असतात आणि सगळ्यांचे पाय आधी त्यांच्यावरून जातात. शिवाय जमखाना ओला झाला की वाळताना पाणी टोकांकडे ओढलं जातं आणि आतला मळही सोबत घेऊन येतं. पाणी उडून जातं, मळ दशांत राहतो. धुतल्यावर दशा आधीपेक्षा पिवळ्या दिसतात त्या यामुळे. तेव्हा धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं.

पहिली गोष्ट, रंगाची परीक्षा. ओलं पांढरं फडकं जमखान्याच्या उलट्या बाजूला प्रत्येक रंगावर दाबून पाहावं. फडक्याला रंग लागला तर घरी धुवायच्या भानगडीत पडू नये. रंग पक्का असेल तर आधी कोरडी धूळ काढावी. जमखाना टोकाला धरून झटकू नये. त्या फटक्यानंच दशा तुटतात. दोरीवर टाकून पाठीमागून हलक्या हातानं बडवावा.

मग दशांखाली जुना पांढरा टॉवेल अंथरावा आणि अंगावर पाणी जाऊ नये म्हणून काठाशी प्लॅस्टिक ठेवावं. रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं, म्हणजे अंटवाळाचं, पाणी नीट गाळून घ्यावं, किंवा थंड पाण्यात अगदी थोडी सौम्य पावडर विरघळवावी. मऊ टूथब्रशनं गाठीपासून टोकाकडे, एकाच दिशेनं घासावं. उलटसुलट घासलं की गुंता झालाच. मग स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं साबण पुरता निघेपर्यंत टिपत राहावं. शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाकलं तर साबणाचा उरलेला अंश निघतो आणि पिवळेपणा कमी राहतो. कोरड्या टॉवेलात दाबून पाणी शोषून घ्यावं, पिळू नये. दशा बोटांनी सरळ करून, सपाट, वाऱ्यावर वाळवाव्यात. ओल्या दशांतून कंगवा फिरवू नये.

ब्लीचचा मोह मात्र आवरायला हवा. ब्लीचनं दशा दोन दिवस बगळ्यासारख्या दिसतात, पण सूत आतून कमकुवत होतं आणि पुढच्या वर्षी हातात तुटून येतं. लोकरीला तर ते विरघळवूनच टाकतं. व्हॅक्युम क्लीनरचा फिरता ब्रशही दशांवरून नेऊ नये. तो त्या गिळतो.

हे सगळं कधी करावं? आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात तर अजिबात नको. वाळायला चार दिवस लागले तर बुरशी धरली म्हणून समजा. दसऱ्याच्या आगेमागे कडक ऊन पडतं ते, नाहीतर मार्च-एप्रिल. ठेवताना घडी घालू नये, कारण घडीच्या रेषेवर धागे मोडतात. दशा सरळ करून गुंडाळी करावी, जुन्या सुती साडीत बांधावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये.

घोंगडीची गोष्ट थोडी निराळी. पट्टणकोडोलीच्या यात्रेत खांद्याखांद्यावर दिसणारी घोंगडी, कन्नडमधली कंबळी, दख्खनी मेंढीच्या लोकरीची. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती गरम पाण्यात घालून चोळली तर लोकर आटून गोळा होते आणि खळही जाते. तिला ऊन आणि झटकणी पुरे. कडुनिंबाचा पाला ठेवावा आणि कसर लागू नये म्हणून अधूनमधून उघडून पाहावं.

आणि दुकानातून आणलेला गालिचा असेल तर आधी तो उलटा करून पाहा. दशा अंगातून आलेल्या असतील तर तो हाताचा, त्याला जपा. काठाला पट्टी शिवून वा चिकटवून लावलेल्या असतील तर तो यंत्राचा. ती पट्टी खराब झाली तर बदलता येते. कात्री चालवायचीच असेल तर तिथे चालवा.

त्या उंदराबद्दल

जमखाना शिवून झाल्यावर संक्रांतीला अत्तींच्या धाकट्या बहीण आल्या. त्यांनाही माहेरचा तसाच जमखाना मिळालेला. बसल्या बसल्या त्यांचा हात काठावर गेला आणि त्यांनी विचारलं, "अक्का, गोंडे कुठं गेले गं?" मी स्वयंपाकघराच्या दारात तिळगुळाची वाटी घेऊन उभी. अत्ती जराही न अडखळता म्हणाल्या, "इली कडीतु." उंदरानं खाल्ले.

दोन्ही बाजूंनी, सरळ रेषेत, फक्त दशा खाणारा उंदीर मावशींनी कुठे पाहिला असेल असं वाटत नाही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटीतला तिळगूळ घेतला आणि गोड बोलल्या.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. अत्तींना आता नीट दिसत नाही. या दसऱ्याला माझी मुलगी जमखाना उन्हात घालत होती. तिला तो बंगळूरच्या खोलीवर न्यायचा आहे. ती म्हणाली, "आई, याच्या दशा उंदरानं खाल्ल्या ना? अज्जी नेहमी सांगते." खाटेवर बसलेल्या अत्ती काही बोलल्या नाहीत. काजटाक्यावरून बोटं फिरवत राहिल्या.

मी मुलीला पहिल्यांदा खरं सांगितलं. वाचकांनाही सांगून टाकते. तो उंदीर मीच.