पायथनमधील यादृच्छिक पूर्णांक

यादृच्छिक पूर्णांक म्हणजे ठरावीक मर्यादेतील पूर्णांकांमधून, प्रत्येकाला सारखीच संधी देऊन आणि आधी अंदाज बांधता येणार नाही अशा रीतीने, निवडलेला पूर्णांक. 'यदृच्छा' या संस्कृत शब्दाचा अर्थ योगायोग. त्यावरून ही संज्ञा आली आहे. पायथन ही गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि नवशिक्यांना सोपी वाटणारी संगणकभाषा आहे. तिच्यातील 'रँडम' या मॉड्यूलच्या साहाय्याने असे पूर्णांक मिळवता येतात.

नमुना पाहणी हा या पूर्णांकांचा जुना उपयोग आहे. संगणक येण्यापूर्वी त्यासाठी छापील कोष्टके वापरली जात. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात ४१,६०० अंक होते. गावे निवडण्याचे काम माणसाच्या मर्जीवर सोडले तर रस्त्यालगतची गावे आपसूकच पुढे येतात. भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात अनेकदा तुटतो. अशा भागातील गाव पाहणीतून वगळण्यासाठी कारण नेहमीच हाताशी असते. अंकाला मात्र रस्ता दिसत नाही.

मर्यादा आणि शेवटचा अंक

गडचिरोली जिल्ह्यात १२ तालुके आहेत. वर्णानुक्रमे क्रमांक दिल्यास अहेरीला १ आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंचाला १२ हा क्रमांक मिळतो. 'रँडइंट' या फलनाला १ आणि १२ या मर्यादा दिल्या की १ ते १२ मधील कोणताही पूर्णांक मिळतो. यात दोन्ही टोके धरली जातात. 'रँडरेंज' या फलनात मात्र वरची मर्यादा वगळली जाते. त्याला १ आणि १२ दिल्यास ११ च्या पुढचा अंक कधीही येत नाही. आज्ञावली बिनतक्रार चालते, चुकीची सूचना दिसत नाही आणि सिरोंचा तालुका कितीही वेळा निवड केली तरी निघत नाही. 'रँडरेंज' वापरायचेच असल्यास वरची मर्यादा १३ द्यावी लागते. पायथनमधील यादीची मोजणी शून्यापासून होते, हेही नवशिक्यांच्या गोंधळाचे एक कारण आहे. यादीतील स्थान थेट निवडायचे असल्यास मर्यादा ० ते ११ अशी असावी.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. 'रँडइंट' आधी काय निघाले ते लक्षात ठेवत नाही. १२ तालुक्यांतून पाच वेळा अंक काढल्यास एखादा तालुका पुन्हा निघण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के असते. पाच वेगवेगळे तालुके हवे असल्यास 'सॅम्पल' हे फलन वापरावे. चिठ्ठी काढून ती परत डब्यात न टाकण्यासारखेच ते काम करते.

गावे निवडताना आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. आधी एक तालुका आणि मग त्यातील एक गाव अशी निवड केल्यास प्रत्येक गावाला सारखी संधी मिळत नाही, कारण सर्व तालुक्यांतील गावांची संख्या सारखी नसते. कमी गावांच्या तालुक्यातील गाव निघण्याची शक्यता अधिक राहते. त्यापेक्षा जिल्ह्यातील सर्व गावांना सलग क्रमांक देणे बरे.

बीज

संगणक हे अंक सूत्राने तयार करतो, म्हणून त्यांना छद्म-यादृच्छिक म्हणतात. 'रँडम' मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर ही पद्धत वापरते. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी ती १९९७ मध्ये विकसित केली. तिची अंकमालिका २ च्या १९,९३७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येइतक्या पायऱ्यांनंतर पुन्हा सुरू होते. मालिकेचा आरंभ ठरवणाऱ्या संख्येला बीज म्हणतात आणि ते 'सीड' या फलनाने देतात. पायथनची आवृत्ती व आज्ञावली तीच असेल तर त्याच बीजापासून तेच अंक निघतात. निवडीपूर्वीच बीज जाहीर केल्यास कोणालाही तीच निवड आपल्या संगणकावर पडताळून पाहता येते. मनासारखी यादी येईपर्यंत बीज बदलत राहणे ही मात्र निवड नव्हे.

अंदाज बांधून कोणाचा लाभ होणार असेल, तेथे मर्सेन ट्विस्टर चालत नाही. त्याचे ३२ बिटांचे ६२४ सलग अंक पाहिल्यास पुढचे अंक काढता येतात. परवलीचे शब्द तयार करण्यासारख्या कामांसाठी पायथनच्या ३.६ या आवृत्तीपासून 'सीक्रेट्स' हे वेगळे मॉड्यूल उपलब्ध आहे.

निवडणुकीतील उपयोग

भारतातील निवडणुकांत मतदान यंत्रांचे वाटप संगणकीय यादृच्छिक पद्धतीने दोन टप्प्यांत होते: आधी विधानसभा क्षेत्रांना, मग मतदान केंद्रांना. व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची पडताळणी करण्यासाठी केंद्रे निवडताना मात्र संगणक वापरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे निवडली जातात. गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, ब्रह्मपुरी आणि चिमूर अशी सहा विधानसभा क्षेत्रे असल्याने ही संख्या ३० होते. केंद्रांचे क्रमांक लिहिलेली कार्डे डब्यात टाकून उमेदवार किंवा त्यांच्या प्रतिनिधींसमोर सोडत काढली जाते. तेथे उपस्थितांपैकी कोणालाही मर्सेन ट्विस्टर ठाऊक असण्याची गरज नसते.