रेस खाली का येत नाही?

पेडलवरून पाय काढला आहे, गिअर न्यूट्रलला आहे, तरी इंजिन वरच्या सुरातच ओरडते आहे. जुनी पिकअप वापरणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. गॅरेजच्या भाषेत 'गाडी रेस धरते' किंवा 'स्लो वाढलाय'. मग कुणीतरी जाणकार बॉनेट उघडतो, पंपावरचा एक स्क्रू पिळतो आणि आवाज खाली येतो. काही दिवसांनी तीच गाडी सिग्नलला बंद पडायला लागते. म्हणून या लेखात स्क्रूचा नंबर बराच मागे लावला आहे.

हे सगळे जुन्या डिझेल पिकअपबद्दल आहे. महिंद्रा बोलेरो पिकअपचे डीआय इंजिन किंवा टाटा २०७ डीआय, म्हणजे ज्या गाडीत पेडलपासून डिझेल पंपापर्यंत तारेची केबल जाते. आपली गाडी त्यातली आहे का, हे बघायला खाली वाका. पेडलच्या वरच्या टोकाला तार अडकवलेली दिसली तर पुढचे सगळे लागू. तिथे नुसता वायरींचा सॉकेट असेल तर गाडी कॉमन रेलची, म्हणजे डिझेल किती सोडायचे ते संगणक ठरवणारी. तिच्यात फिरवायला स्क्रूच नसतो. तिचा दोष स्कॅनर लावूनच शोधावा, बरेचदा पेडलचा किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर निघतो.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात पेडल हवेची झडप उघडते, त्यामुळे कुठला हवेचा पाइप फाटला की रेस वाढते. डिझेलमध्ये साधारणपणे तशी झडप नसते. हवा हवी तेवढी आत येते आणि वेग ठरतो तो फक्त डिझेल किती गेले यावर. म्हणून पेट्रोल गाडीवाल्या मित्राने 'व्हॅक्युम पाइप बघ' असे सांगितले तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. आपल्या गाडीत ब्रेकसाठीचा व्हॅक्युम वेगळ्या पंपातून येतो, तो बहुधा अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. तो पाइप फाटला तर ब्रेक कडक होईल, रेस वाढणार नाही.

आता रेस खरेच जास्त आहे का, ते पाहू. या वर्गातल्या बहुतेक इंजिनांचा आयडल, म्हणजे पाय काढल्यावरचा वेग, मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात मिळेल. डॅशबोर्डवर मीटर नसेल तर हातात धरायचा डिजिटल टॅकोमीटर वापरता येतो. क्रँक पुलीवर चमकपट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर झोत धरला की आकडा कळतो. तेही नसेल तर रिव्हर्स टाकून बघा. क्लच पूर्ण दाबून, थोडे थांबूनही गिअर करकरत असेल तर रेस जास्त असण्याची शक्यता आहे. अर्थात क्लच नीट सुटत नसला तरी तसाच आवाज येतो, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.

बॉनेट उघडण्याआधी हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकाला दगड लावा. ओढणी, उपरणे, सैल बाही पंख्यापासून दूर. जुन्या इंजिनांचा पंखा पट्ट्यावर सतत फिरत असतो.

दोष कधी येतो, हे एकदा डोक्यात नोंदवून घ्या, निम्मे काम तिथेच होते. सकाळी थोडा वेळ जास्त आणि मग खाली, तर बहुधा काही बिघडलेलेच नाही. सकाळी ठीक पण इंजिन तापल्यावर चढते, तर केबलवर संशय घ्या. सतत वरखाली होत राहते, तर डिझेलमध्ये हवा. पाय काढल्यावर सावकाश, जड जड उतरते, तर काहीतरी अडकते आहे.

पहिला मुक्काम पेडल. घसरलेली पायपुसणी पेडलखाली जाणे हे हास्यास्पद वाटेल, पण घडते. पेडलच्या खिळीत चिखल वाळून ते जाम होते. इंजिन बंद ठेवून हाताने पेडल दाबा आणि सोडा. ते झटकन वर यायला हवे. काही जुन्या गाड्यांत हँड थ्रॉटलची मूठ असते, ती अर्धवट ओढलेली नाही ना तेही बघा.

दुसरा मुक्काम केबल, आणि माझ्या मते इथेच सर्वांत जास्त वेळ द्यावा. सायकलच्या ब्रेकला असते तशीच ही तार एका नळीतून जाते. तिचे दोरे तुटून नळीच्या तोंडाशी अडकतात. नळी सायलेन्सरच्या पाइपाला टेकली असेल तर आतले अस्तर मऊ होते, म्हणून गरम झाल्यावर तार चिकटते आणि सकाळी पुन्हा सुटते. कोकणात पावसाळ्यानंतर गंज हे ठरलेले कारण. तेलाने तात्पुरते भागते, पण नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलला तेल लागत नाही, आणि ग्रीस तर धूळ धरून घट्ट होते. केबल महाग नसते. शंका असेल तर बदलून टाका.

केबल चांगली असूनही ताणलेली असू शकते. इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते ते रबर, बसले की इंजिन खाली किंवा बाजूला सरकते आणि तार आपोआप ओढली जाते. कुणी नवी केबल घालताना ढील न ठेवल्यानेही तेच होते. पेडल सोडलेले असताना पंपाकडच्या टोकाला तारेत एक-दोन मिलिमीटर तरी ढील हवी.

आता सगळ्या तपासणीतला मुख्य प्रश्न. पंपाच्या बाजूला केबल जिथे अडकते तो लिव्हर शोधा. पाय काढल्यावर हा लिव्हर मागे येऊन एका छोट्या स्क्रूच्या टोकाला टेकतो, तो स्लो स्क्रू. इंजिन चालू असताना वाकून बघा, लिव्हर स्क्रूला टेकला आहे का? मधून कागद सरकण्याइतकी फट असेल तर लिव्हरला बाहेरून कोणीतरी धरून ठेवले आहे. केबल लिव्हरवरून काढा. रेस लगेच खाली आली तर दोष पेडल, केबल किंवा फाउंडेशनचा, पंप निर्दोष. केबल काढूनही लिव्हर मागे आला नाही तर त्याची परतीची स्प्रिंग ढिली आहे किंवा लिव्हरचा दांडा जाम आहे.

फट धरून ठेवणारी आणखी एक वस्तू असते. काही रोटरी पंपांवर, म्हणजे ज्यांचे नोजलचे पाइप गोलात निघतात त्यांवर, मेण भरलेली एक डबी बसवलेली असते. इंजिन थंड असताना ती लिव्हर थोडा पुढे ठेवते. इंजिनाचे पाणी तापले की मेण फुगते आणि लिव्हर मोकळा होतो. डबीकडे जाणारा पाण्याचा पाइप चोंदला तर रेस खाली येतच नाही. आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी खोड आहे, तिचाही हा एक परिणाम. इंजिन पुरेसे तापत नाही आणि डबीला वाटते अजून सकाळच आहे.

लिव्हर स्क्रूला नीट टेकलेला आहे आणि तरी रेस जास्त आहे, तर मग स्क्रूकडे वळा. तो कुणी मुद्दाम आत पिळला असेल, विशेषतः गाडी जुनी घेतली असेल तर. एखादे नोजल नीट फवारत नसेल किंवा कॉम्प्रेशन उतरले असेल तर कमी रेसवर इंजिन थरथरते. विकणारा रेस वाढवून ती थरथर लपवतो. अशा गाडीचा स्क्रू मागे घेतला की खरा आजार उघडा पडतो, आणि मग नोजल तपासून घेणे आले.

स्क्रू लावायचा तर इंजिन पूर्ण तापलेले हवे, म्हणजे गाडी दहा-पंधरा किलोमीटर चाललेली. लॉक नट सैल करा, स्क्रू पाव फेरी बाहेर घ्या, एकदा रेस देऊन सोडा, वेग स्थिर होऊ द्या, मग आकडा बघा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघा. हेडलाइट लावून आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर ते वळवून इंजिन गुदमरत नाही ना, याची खात्री करा. शेजारीच दुसरा स्क्रू असतो, बहुधा तार आणि शिशाच्या सीलने बंद केलेला. तो कमाल वेगाचा. त्याला हात लावू नका.

रेस एका जागी न थांबता वरखाली होत असेल तर टाकी ते पंप ही वाट तपासा. फिल्टरचे वॉशर, पाइपांच्या क्लिपा, पाणी वेगळे करणारे भांडे. बारीक फटीतून डिझेल गळत नाही पण हवा शिरते, म्हणून बाहेर सगळे कोरडे दिसते आणि माणूस फसतो. गळती बंद केल्यावर हातपंपाने डिझेल चढवून फिल्टरवरच्या स्क्रूतून हवा काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत.

एक प्रकार मात्र वेगळा आणि धोक्याचा. रेस आपोआप चढतच जाते, चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, मागून निळसर-पांढऱ्या धुराचे लोट येतात. याचा अर्थ इंजिन स्वतःचेच ऑइल जाळते आहे. टर्बोचे सील गेलेले असते, किंवा ऑइल प्रमाणाबाहेर भरलेले असते. अशा वेळी स्टॉपची मूठ ओढूनही उपयोग नसतो. गाडीत बसलेले असाल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन मरेल. हवेच्या तोंडाशी हात किंवा कापड कधीही नेऊ नका, ते आत ओढले जाते.

याच कारणाने डिपस्टिक दर वेळी बघावी. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर फीड पंपातून किंवा मुख्य पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. तशी गाडी चालवू नका.

हे सगळे ठीक निघाले तरच पंपाच्या आत बघायचे. पंपात गव्हर्नर असतो, म्हणजे फिरणारी वजने आणि स्प्रिंगा यांच्या जोरावर डिझेल कमी-जास्त करणारी यंत्रणा. वजने झिजली किंवा डिझेलचे माप धरणारी पट्टी चिकटली की पाय काढूनही डिझेल जास्त जाते. रोटरी पंपाला वंगण म्हणून डिझेलच लागते, त्यामुळे पाणी किंवा रॉकेल मिसळलेले डिझेल त्याला लवकर खाते. हे काम घरी होत नाही. पंप-नोजलवाल्याच्या कॅलिब्रेशन बेंचवरच करून घ्यावे.

पंप उतरवण्याआधी त्याच्या फ्लँजवर आणि इंजिनवर मिळून एक आडवी रेघ ओरखडून घ्या, नाहीतर परत बसवताना टायमिंग चुकते आणि गाडी धूर तरी मारते नाहीतर ठोकते. दुकानातून पंप आणताना कमाल वेगाच्या स्क्रूला नवे सील लागले आहे का ते पाहा. पंप बसवून हवा काढल्यावर पहिली काही मिनिटे रेस डोलेल, तिकडे लक्ष देऊ नका. नंतरही डोलत राहिली तर पंपवाल्याशी भांडायच्या आधी फिल्टरचे वॉशर पुन्हा एकदा आवळून बघा.