लाटेवर स्वार होणारांची परिभाषा

कोणत्याही शास्त्रांत प्रवेश करावयाचा तर प्रथम त्याच्या संज्ञा आत्मसात् कराव्या, असा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. तोच न्याय खेळांसही लागू पडतो. लांबट फळीवर उभें राहून लाटेच्या उतरणीवरून घसरत येण्याचा 'सर्फिंग' नांवाचा खेळ ऑलिंपिक सामन्यांत प्रथम आला तो टोकियो येथें, २०२१ सालीं; २०२४ सालीं त्याचे सामने ताहिती बेटावरील तेआहुपो येथें झाले. आपल्या देशांतही मुल्की, वर्कला, चेन्नईजवळचें कोवलम् अशा किनाऱ्यांवर तो शिकविला जातो. सुटींत तिकडे जाऊन आलेल्या मुलांमुलींच्या तोंडीं त्यांतील शब्द ऐकले म्हणजे वडील मंडळी तें सारें पोरकट बोलणें समजून सोडून देतात. वस्तुतः त्यांतील बहुतेक शब्द समुद्राचें वर्तन ओळखण्याचीं साधनें आहेत, आणि एकदोन शब्दांवर तर शिकणाराचा जीव अवलंबून असतो.

हा खेळ मूळचा पॉलिनेशियन लोकांचा; त्याची भरभराट झाली ती हवाई बेटांत. तेथील भाषेंत त्यास 'हेए नालू' म्हणतात. 'हेए' म्हणजे घसरणें व 'नालू' म्हणजे लाट. पण 'नालू' शब्दाचा चिंतन करणें असाही अर्थ आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. एकोणिसाव्या शतकांत बाहेरून आलेल्या रोगांनीं तेथील प्रजा क्षीण झाली, मिशनऱ्यांचीही या खेळावर मर्जी नव्हती, त्यामुळें तो मागें पडला. विसाव्या शतकाच्या आरंभीं वाइकीकीच्या किनाऱ्यावर त्याचें पुनरुज्जीवन झालें. १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारे हवाईचे ड्यूक कहानामोकू यांनीं १९१४-१५ मध्यें ऑस्ट्रेलियांत तो करून दाखविला.

इंग्रजी 'सर्फ' शब्दाची कथा तर आपणांस अधिकच जवळची आहे. सतराव्या शतकांतील त्याचे आरंभींचे उपयोग हिंदुस्थानच्या किनाऱ्यासंबंधीं सांपडतात. म्हणून त्याचें मूळ इकडील असावें असा तर्क कोशकारांनीं केला आहे, मात्र तो सिद्ध झालेला नाहीं. अमरकोशांत लाटेस भंग, तरंग, ऊर्मि, वीचि अशीं नांवें असून मोठ्या लाटांस उल्लोल व कल्लोल म्हटलें आहे. यांतील 'भंग' शब्द ध्यानांत ठेवावा. लाटेचें फुटणें हेंच सर्फिंगच्या परिभाषेचेंही बीज आहे.

लाट जेथें फुटते त्या जागेस 'ब्रेक' म्हणतात. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली म्हणजे लाटेचा तळ अडखळतो, माथा पुढें झुकतो व ती फुटते. तळ वाळूचा असेल तर 'बीच ब्रेक', खडकाचा वा प्रवाळाचा असेल तर 'रीफ ब्रेक', आणि भूशिरास वळसा घालीत लाट फुटत गेली तर 'पॉइंट ब्रेक'. नवशिक्यानें वाळूची जागा पसंत करावी, हें उघड आहे.

दूरच्या वादळानें उठून शेंकडों कोस चालून आलेल्या लाटांस 'स्वेल' म्हणतात. आपल्या किनाऱ्यापर्यंत दक्षिण महासागरांतूनही अशा लाटा येतात. म्हणून आकाश निरभ्र व वारा पडलेला असतांही समुद्र खवळलेला असूं शकतो. स्वेलच्या कांहीं मोठ्या लाटा एकामागून एक येतात, त्या समूहास 'सेट' व दोन सेटांमधील शांत अवकाशास 'लल' म्हणतात. येतांच पाण्यांत शिरणारा मनुष्य पुष्कळदां लल पाहून फसतो. यास्तव पंधरावीस मिनिटें किनाऱ्यावर स्वस्थ बसून सेट पाहून घ्यावा.

वाऱ्यासही दोन नांवें आहेत. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा तो 'ऑफशोर', समुद्रावरून येणारा तो 'ऑनशोर'. शाळेंतील भूगोलाचे मतलई वारे व खारे वारे ते हेच. मतलई वारा लाटेचा माथा सांवरून धरतो व तिचें अंग गुळगुळीत ठेवतो, म्हणून हा खेळ बहुधा सकाळीं चांगला रंगतो.

आतां लाटेचे अवयव. ती जेथें प्रथम फुटूं लागते तें 'पीक'. बाजूचा न फुटलेला उतार तो 'शोल्डर'. समोरची उभी भिंत ती 'फेस'. झुकलेली कड ती 'लिप'. आणि लिप पुढें पडून आंत जी पोकळी होते ती 'बॅरल'. सारी लाट एकदम कोसळली तर तो 'क्लोजआउट'; तिच्यावर स्वारी व्यर्थ. फुटून फेंसाळलेलें पाणी तें 'व्हाइटवॉटर', आणि नवशिक्याची पाठशाळा तेथेंच. 'लेफ्ट' व 'राइट' या दिशा किनाऱ्याकडे तोंड केलेल्या स्वाराच्या समजावयाच्या. वाळूंत बसून पाहणाऱ्या आजोबांस त्या उलट दिसतील.

फळीचें पुढलें टोंक 'नोज', मागलें 'टेल', कडा 'रेल', आणि बुडाशीं दिशा राखणारे पंख ते 'फिन'. घोट्यास बांधावयाची दोरी ती 'लीश'. पडल्यावर फळी सुटून दुसऱ्याच्या मस्तकावर आदळूं नये म्हणून ती अवश्य हवी. पालथें पडून हातांनीं पाणी मारतां मारतां झटक्यासरशीं उभें राहणें यास 'पॉप-अप' म्हणतात. डावा पाय पुढें ठेवणारा 'रेग्युलर', उजवा ठेवणारा 'गूफी'. गूफी म्हणजे वेडगळ असा अर्थ असला तरी येथें त्यांत कमीपणा नाहीं. आपटी खाणें तें 'वाइपआउट'.

माणसांचींही नांवें आहेत. लहान वयाचा तो 'ग्रॉमेट', हर्षानें फुललेला 'स्टोक्ड', आणि रीतभात न जाणणारा 'कूक'. कूक ठरण्याचा सोपा मार्ग म्हणजे 'ड्रॉप इन'. पीकच्या सर्वांत जवळ असेल त्याचा लाटेवर अधिकार. तो उठला असतां मध्येंच घुसणें तें ड्रॉप इन. हा केवळ शिष्टाचार नव्हे. दोन फळ्या आदळल्या तर हाडें मोडतात.

राहिला एक शब्द, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. लाटांनीं किनाऱ्याकडे लोटलेलें पाणी अरुंद वाटेनें वेगानें परत समुद्रांत जातें, त्या प्रवाहास 'रिप' म्हणतात. दोहों बाजूंस लाटा फुटत असतां मधला जो पट्टा शांत व गडद दिसतो, तो पुष्कळदां रिप असतो. अजाण मनुष्य नेमका तेथेंच उतरतो. मुरलेला सर्फर त्याचाच उपयोग आंत जाण्याकडे करतो. रिप मनुष्यास खालीं ओढीत नाहीं, बाहेर नेतो. त्याच्याशीं झगडत सरळ किनाऱ्याकडे पोहणारा दमतो, आणि दमल्यामुळें बुडतो. अशा वेळीं फळी सोडूं नये, तरंगत राहावें, हात उंचावून साहाय्य मागावें, आणि शक्ति असल्यास किनाऱ्यास समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावें. कोंकण-गोव्याकडे सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनीं, सर्फिंगशीं कांहीं कर्तव्य नसलें तरी, हा शब्द पाठ करावा.

'सेट'ला ऊर्मिगण, 'रिप'ला प्रत्योघ, असे प्रतिशब्द बनविण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु पाण्यांत हांक मारावयाची ती शेजाऱ्यास तत्काळ कळेल अशाच शब्दानें मारली पाहिजे. म्हणून शब्द आहेत तेच असूं द्यावे. अर्थ मात्र घरोघरीं मराठींत समजून घ्यावा. उद्यां नातवानें वा नातीनें समुद्रावर जाण्याची परवानगी मागितली, तर नकार देण्यापूर्वीं सेट, लल व रिप यांचे अर्थ विचारावे. ते नीट सांगतां आले, पोहणेंही येत असलें व जाणता शिक्षक बरोबर असला, तर निःशंक मनानें जाऊं द्यावें.