खडकास चिकटलेला सोयरा

प्राणिशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत आपणांस प्राण्यांचे दोन वर्ग सांगतात: पाठीचा कणा असलेले व तो नसलेले. हा भेद सोपा आहे, पण तेवढ्यानें काम भागत नाहीं. समुद्रांत असे कांहीं जीव आहेत कीं, त्यांना कण्याचें एकही हाड नाहीं. तथापि शास्त्रज्ञ त्यांची गणना मासा, पक्षी व मनुष्य यांच्याच संघांत करतात. या संघास समपृष्ठरज्जू प्राण्यांचा संघ म्हणतात. हें नातें कशावरून ओळखिलें, तें येथें थोडक्यांत पाहूं.

या संघाचीं मुख्य लक्षणें पांच आहेत. पहिलें लक्षण पृष्ठरज्जू. पाठीकडील बाजूनें लांबवर गेलेली ही एक लवचिक पण ताठ दोरी होय. ती वांकते, परंतु आंखूड होत नाहीं. म्हणून दोन्ही बाजूंचे स्नायू आळीपाळीनें आकुंचन पावले म्हणजे शरीर वळवळतें व जीव पोहूं लागतो. मनुष्याच्या गर्भांतही ही दोरी असते. पुढें तिच्या जागीं मणके येतात, व दोन मणक्यांमधील गादीचा मऊ गाभा तिच्यापासूनच बनतो.

दुसरें लक्षण, पृष्ठरज्जूच्या वर असलेली पोकळ मज्जारज्जू. तिचें महत्त्व स्वयंपाकघरांतही पाहतां येईल. कोळंबी सोलतांना पाठींतून जो काळा दोरा काढतात, तें तिचें आंतडें होय. तिची मज्जारज्जू पोटाच्या बाजूस असते व ती भरीव असते. बांगड्यांत याच्या नेमकें उलट: मज्जारज्जू पाठीकडे, कण्याच्या मण्यांवरील कमानींत, आणि आंतडें पोटाकडे.

तिसरें लक्षण, घशाच्या भिंतींतील फटी. माशांत त्यांच्या ठिकाणीं कल्ले असतात. मनुष्यगर्भांत त्यांच्या केवळ खांचा व पिशव्या दिसतात. पैकीं पहिल्या पिशवीपासून कानाचा मधला भाग व त्यास घशाशीं जोडणारी नळी तयार होते. चौथें, गुदद्वाराच्या मागें वाढलेली शेंपटी. गांडुळाचें आंतडें शरीराच्या अगदीं टोकास उघडतें, म्हणून त्या टोकास शेंपटी म्हणतां येत नाहीं. आपल्या गर्भांत मात्र कांहीं आठवडे खरी शेंपटी असते, व तिची खूण माकडहाडाच्या रूपानें उरते. पांचवें लक्षण, घशाच्या तळाशीं असलेली चिकट द्रव स्रवणारी पन्हळ. तिच्यांत आयोडीन सांठतें. लँप्रे नांवाच्या जलचराच्या पिलांत ही पन्हळ असते, व तें मोठें होतांना तिचीच अवटु ग्रंथि बनते.

हीं पांचही लक्षणें जन्मभर टिकलींच पाहिजेत, असा नियम नाहीं. आयुष्याच्या एखाद्या अवस्थेंत तीं दिसलीं म्हणजे पुरे. याचें उत्तम उदाहरण समुद्रांतील ॲसिडियन हा जीव. मोठेपणीं तो खडकास चिकटलेल्या पिशवीसारखा दिसतो. एका तोंडानें पाणी आंत घ्यावें, घशाच्या फटींतून तें गाळावें व दुसऱ्या तोंडानें बाहेर सोडावें, एवढाच त्याचा व्यवसाय. पूर्वीचे पंडित त्याला शिंपल्यांच्या जातींत बसवीत. परंतु 1866 सालीं अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानें त्याच्या अंड्यांतून निघणाऱ्या पिलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तें पिलूं बेडकाच्या पिलासारखें पोहतें. त्याच्या शेंपटींत पृष्ठरज्जू असते व तिच्यावर पोकळ मज्जारज्जू! थोड्याच काळानें तें डोक्याकडील बाजूनें खडकास चिकटतें, शेंपटी व पृष्ठरज्जू विरून जातात, आणि मज्जारज्जूच्या जागीं एक लहानशी गांठ शिल्लक राहते.

पुढें 2006 सालीं अनेक जीवांच्या जनुकांची तुलना करण्यांत आली. तींत असें दिसलें कीं, माशासारख्या आकाराच्या ॲम्फिऑक्ससपेक्षां या पिशवीवजा जीवाचेंच पृष्ठवंशीय प्राण्यांशीं अधिक जवळचें नातें आहे.

विद्यार्थिमित्रहो, कोवालेव्हस्कीनें खडकावरील पिशवीच तेवढी पाहिली असती, तर हा सोयरा आपणांस परकाच राहता. त्यानें तिचें बालपण धीरानें पाहिलें, म्हणून सत्य हातीं आलें. प्राण्यांविषयीं असो वा माणसांविषयीं, निर्णय देण्यापूर्वीं पूर्ण चरित्र पाहण्याची ही संवय आपणही अंगीं बाणवूं या.