रंगांतले मौन

अमूर्त चित्रापुढे 'हे आहे तरी काय?' असा प्रश्न आमच्याही ओठी येई. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांनी तो आम्हांवरच उलटविला. गोमंतकीय मातापित्यांच्या पोटी १९२४ साली नागपुरास जन्मलेले गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे मनुष्याकृती त्यांनी पार वर्ज्य केल्या. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना रुचत नसे. रंगांचे थर चढवीत, खरवडीत ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. समाज मनुष्यास गाव, कूळ, नाव विचारतो. ते सारे वगळल्यावर काय उरते, हे गायतोंडे स्वतःस विचारीत असावेत, असे आम्हांस वाटते. वाचकहो, असे चित्र दिसल्यास अर्थ विचारू नका; घटकाभर गप्प उभे राहा.